नाडीखालचं

आधी रुपयाएवढं होतं,
नाडीच्या गाठीखाली, डाव्या कुशीला.
विड्या वळताना तंबाखूचा हात लावायचा नाही
म्हणून मी सुपाची कड घासायचे त्यावर,
कुणी बघालंय का बघत.

हौसाक्का म्हणाली, नायटा हाय, टाकळ्याचा पाला लाव.
लावला. वर लिंबू चोळलं.
त्या रात्री दात आवळून भिंतीला टेकून बसले.
नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं,
पायाला मुंग्या आल्यात.

मग मेडिकलातली ट्यूब.
अख्ख्या गल्लीत एकच, शेपटीकडून गुंडाळत आलेली,
हौसाक्काच्या मानेवरून, रमजानबीच्या काखेतून
माझ्या कमरेपर्यंत.
चार दिवसांत लाली गेली.
महिन्यानं परत आलं ते ताटलीएवढं.
मधली कातडी साफ, शहाण्यासारखी,
सगळी आग कडेला.
निपाणीत हे कुणाला सांगायला नको.

आशाताई महादेवी आली.
तिचं मराठी मोडकं, माझं कन्नड त्याहून.
ती म्हणाली हुळकड्डी, मी म्हटलं नायटा,
बोट दोघींचं एकाच जागेवर.
ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली तिनं
आणि चुलीच्या राखेत फेकली.
ऐंशी रुपयांची!
सरकारी दवाखान्यात नेलं, दुसरी मिळाली:
कडेच्या बाहेर दोन बोटं लावायची,
गेलं असं वाटलं तरी पंधरा दिवस लावायची,
नवऱ्यालाही दाखव म्हणाल्या.
त्याच्या जांघेत वर्षभर होतं.
तोही मुंग्याच सांगत होता.

परतताना महादेवीनं विचारलं,
परकर कुठं वाळवतीस?

न्हाणीत. दोरीवर खाली परकर, वर लुगडं.
सोळा वर्षं झाली लग्नाला,
माझ्या एकाही परकरानं ऊन बघितलेलं नाही.

"बिसलाग हाकव्वा," ती म्हणाली.
तेवढं कन्नड मला येतं.

सोमवारी उकळत्या पाण्यातनं काढला, पिळला,
आणि अंगणातल्या तारेवर टाकला.
निळा. नाडी लोंबती.
सासरे ओट्यावर पेपर वाचत होते,
त्यांनी खुर्ची फिरवली.
फिरवू देत.
मी सूप घेऊन उंबऱ्यात बसले.
वारं शिरलं की तो फुगायचा,
आत कुणी उभं असल्यासारखा.

दीडशे विड्या झाल्या, तोवर कडक वाळला.
खाज हाय अजून. थोडी.
पलीकडं हौसाक्काच्या तारेवर
एक पिवळा आलाय.