पाव इंच

आर्डिथ कोरकम म्हणते, आधी शिवायचं, मग कापायचं.
मी हसले. सव्वीस वर्षं मी नुसती कापत आले,
पोर्ट ॲडेलिनच्या प्लांटमध्ये, तिसऱ्या टेबलावर,
हॅडॉकच्या मानेपासून शेपटीपर्यंत, एका ओढीत.
माशात शिवायचं काय असतं?

गुरुवारी संध्याकाळी, बंबाच्या हॉलमध्ये,
आम्ही चौघी, दोन मशिनं, एक इस्त्री.
बाहेर फेब्रुवारी. धक्क्यावरचा बर्फ राखाडी, जाड्या मिठासारखा.
नव्या बंबासाठी गोधडीची सोडत काढायची आहे
आणि कापड विकत आणायचं नाही असं ठरलंय.
म्हणून प्लांटचेच कोट:
कापणाऱ्यांचे पांढरे, पॅकिंगवाल्यांचे निळे.
कुलूप लागलं त्या दिवशी
ते परत मागायचं कुणाला सुचलं नाही.

पांढरा चौकोन, त्यावर निळा, तोंडाला तोंड.
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची तिरकी रेघ.
रेघेच्या अल्याड पाव इंचावर एक टीप,
पल्याड पाव इंचावर दुसरी.
मग मधल्या मोकळ्या रेघेवरून कातर.
उघडलं की दोन चौकोन,
प्रत्येक अर्धा पांढरा, अर्धा निळा,
मधे शिवणीचा कणा.
मी ते हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले.
मी कापून उघडलेलं काही
पहिल्यांदाच आख्खं होतं.

"ओढू नकोस," आर्डिथ म्हणते, "उरेब आहे ते.
उभा धागा ऐकतो, आडवा ऐकतो,
उरेब रुसतो."
माझ्या डाव्या तर्जनीला एक पेर कमी;
कापड नेमकं तिथूनच निसटतं.
मर्टल बघते, आणि बघितलंच नाही असं करते.

शिवण गडद बाजूला दाबायची,
म्हणजे पांढऱ्याखालून दिसत नाही.
वर्नानं इस्त्री टेकवली. वाफ उठली,
आणि वाफेबरोबर तो.
तीनदा धुतले होते कोट, एकदा व्हिनेगरमध्ये,
तरी निळ्यातून सबंध प्लांट उठला:
खारट, गार, रबरी बुटांचा,
पहाटे पाचच्या भोंग्याचा वास.
मशिनं थांबली.
कुणीही नाकाला हात लावला नाही.

मग मर्टल म्हणाली, "चला बायांनो, पाळी लागली,"
आणि आम्ही इतक्या हसलो
की शेजारी बंब पुसणारा पोरगा दारात आला.
वर्ना हसली नाही.
तिनं इस्त्री परत टेकवली,
लागते त्याहून जरा जास्त वेळ.

सोळा तुकडे, चार रांगा.
नमुन्याचं नाव फुटक्या बशा.
माझा एक तुकडा उलटा फिरला होता; शिवून झाल्यावर दिसलं.
आर्डिथची आजी म्हणे मुद्दाम एक चूक ठेवायची,
देवापेक्षा नेटकं नको म्हणून.
"मुद्दाम?" मर्टल म्हणाली. "मग लिओटा, तू तर संतीणच."
उसवला. फिरवला. पुन्हा टीप.

फुटपट्टी लावली.
साडेबारा इंच हवेत, भरले सव्वाबारा.
पाव इंच कुठे गेला?
"शिवणींत," आर्डिथ म्हणाली.
"दर टिपेला केसभर जास्त घेतलंस. केस केस साठतो."
कंपनीचा माणूसही हेच म्हणाला होता, आलेख दाखवून:
तोटा काही एका दिवसाचा नसतो.
पण तो उसवायला थांबला नव्हता.

घरी आले तेव्हा स्वेटरच्या बाहीवर
छाटलेल्या कोपऱ्यांचे बारके त्रिकोण चिकटलेले,
नखाएवढे, निळे, पांढरे.
असेच खवले यायचे घरी;
दारातच झटकायची मी, डग्लस ओरडायच्या आत.
आज झटकले नाहीत.

पुढच्या गुरुवारी माझी कातर नेणार आहे.
आर्डिथची बोथट झालीय,
आणि तिला ते कुणी सांगत नाही.