टीडेमन अँड सन्स

विटांच्या भिंतीवर अजून वाचता येतं,
ऊन तिरपं झालं की जरा जास्तच:
'टीडेमन अँड सन्स. खिळे, दोर, कंदील, बिजागऱ्या.'
मुलगा एकही नव्हता.
ऑगस्ट टीडेमननं भिंत रंगवून घेतली तेव्हा
बायकोला पहिल्यांदाच दिवस गेलेले,
आणि रंगारी अक्षरामागे पैसे घ्यायचा,
खोडायचे वेगळे.
मग एर्ना झाली. मग लिओटा. मग विल्डा.
साठ वर्षं तिघी बहिणी
त्या न झालेल्या भावांच्या नावाखाली
खिळे तोलत राहिल्या.

मी सतराव्या वर्षी लागलो तिथे, फक्त शनिवारी.
लिओटा म्हणायची, काटा थांबेपर्यंत बोलायचं नाही.
अजूनही कुणी काही तोलत असलं
तर मी गप्प होतो.

गाव ते केवढं.
ओहायोला समांतर चार रस्ते, तिच्याकडे उतरणारे सात.
कोपऱ्यावरच्या बँकेत आता सायकली भाड्यानं मिळतात.
तिजोरीचं दार कुणाच्यानं हललं नाही,
म्हणून आत हेल्मेटं ठेवतात.
नाट्यगृह होतं वरच्या मजल्यावर, खाली ओबरमायर न्हावी.
तो शपथेवर सांगतो, रात्री वर कुणीतरी चालतं.
कबुतरं आहेत.
हे त्यालाही ठाऊक आहे.

औषधांच्या दुकानाच्या चौकटीवर पुराच्या रेघा कोरल्यात,
शेजारीच पेन्सिलीनं पोरांची उंची.
सदतीसचा पूर आणि बारा वर्षांचा क्लीटस
अगदी खांद्याला खांदा.
पंचेचाळीस साली पाण्यानं पुन्हा जोर लावून पाहिला,
पण क्लीटस तोवर सैन्यात होता,
आणि पाणी जेमतेम त्याच्या कमरेच्या रेघेपर्यंत आलं.
तो परतला नाही. रेघ पुसायची नाही
असं दुकान विकताना करारात लिहून घेतलंय.

आणि खालच्या अंगाला बटणांचा कारखाना.
नदीतले शिंपले हंड्यांत उकडायचे,
वास असा, की लोक लग्नाची तारीख
वाऱ्याला विचारून धरत.
एका शिंपल्यातून पाच चकत्या, चांगला असला तर सहा,
उरलेली चाळण रस्त्यावर, खडीच्या जागी.
माझ्या बापाचं एक बोट गेलं त्या यंत्रात.
मालकानं बारा डझन बटणं दिली, पांढरी, चार भोकांची.
आईनं त्यातलं एकही
कधी कशाला लावलं नाही.

परवा नगरपालिकेत बैठक झाली.
भिंत पुन्हा रंगवायची, पैसे मंजूर आहेत,
पण जे खोटं आहे ते पुन्हा कशाला लिहायचं,
एका पोरीनं विचारलं. बरोबरच विचारलं.
तिथे तिघींची नावं हवीत, ती म्हणाली.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला ती संध्याकाळ आठवली, दुकान बंद व्हायच्या आधीची.
सत्तरीची विल्डा, हातात पांढऱ्या रंगाचा डबा.
शिडी धर, ड्वेन.
मला वाटलं, आता खोडणार.
वर बराच वेळ नुसती उभी राहिली,
मग एकेक अक्षर पुन्हा गिरवलं, शेवटच्या 'स'पर्यंत.
खाली उतरून हात पुसत म्हणाली,
अरे, सन्स म्हणजे आम्हीच की.
रंगाचे चार थेंब माझ्या डोक्यावर पडलेले,
ते काढायला रॉकेल दिलं,
आणि रॉकेलाचे पैसे पगारातून कापले.

हे मी बैठकीत सांगितलं. लोक हसले.
निर्णय पुढच्या महिन्यावर गेला.

आज बटाटे खणताना
कुदळीला पुन्हा एक शिंपला लागला. पाच भोकं.
उगाच डोळ्याशी धरला, नदीकडे तोंड करून:
चार भोकांत गढूळ पाणी,
पाचव्यात कोळशाच्या बार्जचं मागचं टोक,
जात होतं.