उजवीकडं

गाडी उजवीकडं ओढत होती.
आधी वाटलं, रस्ताच तसा आहे,
मणेराजुरीपासून तासगावपर्यंत
टँकरांनी चेपून एका अंगाला उतरलेला.
मग वाटलं, वारा.
मग एका सकाळी बागांच्या मधल्या सरळ पट्ट्यात
हँडल जरा सैल सोडलं
आणि गाडी आपणहून निघाली पलीकडच्या बांधाकडं,
ओळखीच्या घरी निघाल्यासारखी.

दस्तगीर शिकलगारनं चहा संपवला, मगच उठला.
गाडी डबल स्टँडवर. पुढचं चाक हवेत.
चाक फिरवून त्यानं कान लावला,
फोर्क धरून मागं-पुढं हलवला.
"कोनसेट बराय."
मग गवंड्याकडं असते तसली दोरी काढली,
मागच्या टायरला टेकवून पुढच्या टायरपर्यंत ताणली,
या अंगानं, मग त्या अंगानं,
आणि एक डोळा मिटून जमिनीवर आडवा झाला.

मी बेदाण्याच्या स्टोअरात काट्यावर बसणारा माणूस.
पंधरा किलोच्या पेटीत मूठभर इकडचं तिकडं झालं
तर आकडा उठायच्या आत बोटांना कळतं.
इथं दोरी आणि रबर यांच्यामध्ये
मला काहीच दिसत नव्हतं.
त्याला दिसलं.
"चेनच्या खुणा बगा. ह्या बाजूला चार, तिकडं साडेतीन.
कुणी आवळली?"
मीच. दिवाळीच्या सुट्टीत. अंदाजानं.

अर्धी खूण म्हणजे पान्याचे दोन वेढे.
दोरी चारी ठिकाणी टेकली.
दस्तगीर स्वतः बसला, मार्केट यार्डापर्यंत गेला,
येताना दोन्ही हात सोडून, बिडी पेटवत आला.
गाडी सुतात.

मी बसलो.
पंपाच्या पुढं गेलो नसेन,
उजवीकडं.

पुन्हा हवा. पुन्हा मागचे शॉक.
शेवटी त्यानं हाताखालच्या नवनाथला
दुसऱ्या गाडीवर माझ्या मागं धाडलं.
पोरगं परत येऊन हसायला लागलं.
"काका, गाडी कुटं वाकडीय? तुमीच वाकडं बसताय.
उजवा खांदा पार पडलाय."

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं,
मघाशी चाकाकडं बघत होता तसंच.
"मागं कोण बसायचं?"

बावीस वर्षं शालन बसायची,
दोन्ही पाय डावीकडं, मांडीवर लसींचा थंड डबा,
बर्फासकट.
तिला उपकेंद्रावर सोडायचं आणि पुढं स्टोअर गाठायचं.
ती डावीकडं, म्हणून मी इंचभर उजवीकडं.
कुणी शिकवलं नव्हतं, कुणी मोजलं नव्हतं,
मला तर माहीतही नव्हतं.
दसऱ्याला तिनं स्कूटी घेतली, राखाडी,
सगळे हप्ते तिच्या पगारातून.
आता डबा पायाशी ठेवून नऊला निघते,
आणि परवा तर मला मागं टाकून गेली,
हात करून.

"चेनचे पन्नास द्या," दस्तगीर म्हणाला.
"आणि बाकीचं?"
"त्यो पार्ट कंपनी देत न्हाय."

मग मी डाव्या हुकाला जेवणाची पिशवी अडकवून पाहिली.
खांदा उचलून धरला, तर दोन दिवस मान धरली.
शर्टाच्या बटणांची ओळ
टाकीच्या मधल्या रेघेवर ठेवून चालवायचं ठरवलं
आणि कुत्र्यावर जाता जाता वाचलो.

रविवारी सावळजला लग्न होतं.
शालननं स्कूटी काढली, म्हणाली, बसा मागं.
बसलो, पाय दोन्हीकडं टाकून.
हात कुठं ठेवायचे ते कळेना,
मग गुडघ्यांवरच ठेवले.
ओढ्याच्या पुलापाशी ती मान न वळवता म्हणाली,
"जरा सरळ बसा की. गाडी वढतीय."

कुठल्या अंगाला, मी विचारलं.

पुढं म्हैस आडवी आली होती.
तिनं हॉर्न दाबून धरला.