धक्का लागला

टोलेडोच्या मोठ्या कोर्टात शिरताना
फरशीवर एक बेडूक आहे, रंगीत तुकड्यांचा, शंभरावर वर्षांचा.
हे गाव तेव्हा दलदल होतं म्हणे.
मी त्याला ओलांडून जाते, पाय देत नाही.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
मी तासाच्या दरानं चढते.

सुपडू तायडे, वय एकेचाळीस, मलकापूरकडचा,
रेनॉल्ड्स रोडवरच्या मोटेलात रात्रपाळीला.
पुकारा होतो तेव्हा त्याचा 'मिस्टर टाइड' होतो
आणि तो उठत नाही. मी कोपरानं उठवते.

जानेवारी. भाडं थकवलेला पाहुणा, बर्फाळलेला जिना,
आणि पाहुण्याचं खुब्याचं हाड.
पोलिसानं विचारलं तेव्हा मी तिथं नव्हते, कुणीच नव्हतं.
सुपडूनं हातानं करून दाखवलं.
हात कागदावर उतरले ते 'ढकललं' होऊन.

पहिली हजेरी तुरुंगातून, पडद्यावर.
ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा,
त्याच्याही मागून मी.
जामिनाचा आकडा ऐकून मोटेलचा मालक म्हणाला, बघतो.
अजून बघतोय.

मग ग्रँड ज्युरी. तिथं दार बंद,
आरोपी आत नाही, त्याचा वकील नाही, मीही नाही.
आतल्या अनोळखी माणसांनी मान डोलावली
आणि फाइल छोट्या कोर्टातून बेडकाच्या कोर्टात आली.
फेब्रुवारीत सरकारी वकिलाला फ्लू.
मार्चमध्ये डॉक्टरचा रिपोर्ट नाही.
एप्रिलमध्ये आम्ही दोघं बाकावर बसून होतो,
बोलायला बंदी, म्हणून
तो माझ्या बुटांकडे बघत होता, मी त्याच्या बेडीकडे.

त्याची वकीलबाई, नोविट्स्की, सरकारनं दिलेली,
फायलींचा ढीग छातीशी धरून म्हणाली:
खटला लढलास तर आठ वर्षं होऊ शकतात.
कबूल केलंस तर कलम हलकं, सहा महिने,
त्यातले पाच भोगून झालेत.
मी म्हटलं, सौदा. दुसरा शब्द सुचला नाही.
सुपडूनं विचारलं, "भाव कोन ठरवते?"
मी इंग्रजी केलं.
नोविट्स्की हसली, मग हसायची थांबली.

मे महिना. जजबाईंनी एकेक हक्क वाचला, एकेक काढून घेतला.
ज्युरीचा हक्क सोडताय. समजलं?
"हो साहेब."
गप्प राहण्याचा हक्क. समजलं?
"हो साहेब."
तुम्हाला या देशातून घालवूनही देतील. समजलं?
इथं तो थोडा थांबला.
"हो साहेब."
आता सांगा, काय केलंत, तुमच्या शब्दांत.
"साहेब, धक्का लागला."

आमच्या भाषेत धक्का लागतो.
कप फुटतो, दूध उतू जातं, उशीर होतो,
बाप जातो.
कर्ता शोधत कुणी घरभर हिंडत नाही.
इंग्रजीत मी जमेल तेवढं लागू दिलं.
जजबाईंनी पेन खाली ठेवलं.
मग ही कबुली नव्हे, त्या म्हणाल्या, खटल्याची तारीख लावू.
नोविट्स्की त्याच्या कानाशी वाकली, तिच्या मागे मी,
एका माइकवर हात ठेवून तीन डोकी.

तो सरळ उभा राहिला.
"मी धक्का देला."

दुभाष्यानं 'तो म्हणतो' म्हणायचं नाही, हा नियम आहे.
तेव्हा भरल्या कोर्टात, माझ्या स्वच्छ आवाजात, मी म्हणाले,
मी धक्का दिला.
स्टेनोनं टिपून घेतलं.

नेताना तो मागे वळला.
"ताई, तुमी बराबर सांगतलं ना?"
मला उत्तर द्यायची परवानगी नाही.
मी त्याच्या प्रश्नाचं इंग्रजी केलं, मोठ्यानं,
कुणाला उद्देशून ते ठाऊक नाही.
बेलिफ म्हणाला, पुढची केस.

बाहेर पडताना बेडकावर पाय पडला.
दिला.