अस्सलबरहुकूम

तिचं नाव थँकफुल. थँकफुल ऑर्विस.
म्हणजे कृतज्ञ. कशाबद्दल,
ते नाव ठेवणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

कनेटिकटमधलं स्टोनी हॉलो, साल अठराशे सात.
ओढ्यावर पाणचक्की, चक्कीवर करवत,
करवतीखाली चेरीचं लाकूड
आणि लाकडातून घड्याळं. पितळ परवडतंय कुणाला.
फेरीवाले नुसती यंत्रं घोड्यावर लादून न्यायचे,
पेटी तुमची तुम्ही करा;
पैसे नसले तर खारवलेलं डुक्कर चालेल,
छपराच्या फळ्या चालतील, उधारी चालेल,
घड्याळ मात्र चाललं पाहिजे.

ते चालायचं नाही.
जुलैच्या दमट हवेत दाते फुगायचे,
अबोला धरलेल्या जावांसारखे अडून बसायचे,
आणि अख्ख्या खोऱ्यात
दुपारचे तीनच वाजून राहायचे.

थँकफुल तबकड्या रंगवायची, डझनाला चौदा सेंट.
कोपऱ्यांत स्ट्रॉबेऱ्या, चारला चार उभ्या रेघा,
एकही रेघ दुसरीहून जाड नाही.
वय एकोणीस.

तिला दिसलं ते स्वयंपाकघरात:
जवसाच्या तेलात पडून राहिलेला लाकडी चमचा.
काढला, पुसला, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला.
सकाळी होता तेवढाच.
जेवताना तिने मालकाला सांगितलं,
चाकं तेलात उकळून पाहू या.
इलायफलेट ट्रेडवेल बटाटा सोलत 'हं' म्हणाला.
तीन महिन्यांनी त्या 'हं'वर
वॉशिंग्टनची मोहोर उठली.

नमुना तिनेच कोरला. त्याचा हात थरथरायचा.
"दोन पातळ चकत्या करू," ती म्हणाली,
"एकीच्या रेषा उभ्या, दुसरीच्या आडव्या, मध्ये सरस.
नाहीतर रेषा जिथे दात्याला आडवी जाते
तिथला दाता उडतो."
"दुप्पट काम," तो म्हणाला. "देणार कोण?"
एकाच चकतीचं चाक गेलं वॉशिंग्टनला,
आणि तशीच घड्याळं गेली पार ओहायोपर्यंत,
दर थंडीत एकेक दात गमावत,
मालकासारखीच.

मग छत्तीस सालचा डिसेंबर.
तळघरात, लाकडी खोक्यात, कुणीतरी ठेवलेली गरम राख.
बंबाची चामड्याची नळी कुजलेली.
पहाटेपर्यंत सात हजार नमुने जळाले:
नांगर, पंप, चरक, कुलपं,
आणि एक चेरीचं चाक,
तेल प्यालेलं, म्हणून बहुधा जरा आधीच.

सरकारने पत्र धाडलं: नमुना पुन्हा करून पाठवावा,
मूळ होता तसाच.
ट्रेडवेल तोवर चर्चमागच्या टेकडीवर.
त्याची विधवा पत्र घेऊन आली, उंबऱ्यातच उभी राहिली.
"तुला आठवतंय का गं, कसा होता तो?"

थँकफुलने चष्मा पुसला.
एकोणपन्नास वर्षांचे हात
तीस वर्षांपूर्वीच्या लाकडाकडे गेले
आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही.
शोधकाच्या जागी तिने त्याचंच नाव घातलं,
तबकडीवरच्या त्याच वळणदार अक्षरात.
चाक केलं दोन चकत्यांचं.

वॉशिंग्टनच्या कारकुनाने ते उजेडात धरलं,
कडेची केसाएवढी सरसाची रेघ त्याला दिसली नाही,
किंवा दिसली, आणि जेवायची वेळ झाली होती.
शिक्का मारला: अस्सलबरहुकूम.

माझे वडील तहसील कचेरीत नकला उतरवायचे.
हा शब्द मी त्यांच्या शाईच्या बोटांवर वाचलाय.
ते सांगायचे, अस्सलात चूक असली
तर नकलेतही तशीच उतरवायची.
दुरुस्ती आपलं काम नाही.

थँकफुलला हे कुणी सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलं असेल,
आणि ती नुसती 'हं' म्हणाली असेल.