झोन क्रमांक पाच

उजव्या हातात जिथे नळी होती
तिथे आता रबरी शिक्का बसवलाय.
शाई संपली की साहेब मनगट उघडतात,
आम्ही कारकून तिकडे बघत नाही.

पूर्वी माणशी इनाम घ्यायचे.
सतरा जण. अक्कलकोट रोडच्या बंद मागांमधून
अंगाच्या उष्म्यावर हुडकलेले.
आता नळजोड, घरपट्टी, तुंबलेलं गटार,
आणि पाणी पाचव्या दिवशी का, याचं उत्तर.

रात्री ते पुस्तक लिहितात.
शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे देतात.
ऱ्हस्व-दीर्घ एकही चुकत नाही,
मी तरी काय तपासणार?
सोळा प्रकरणं झाली. प्रत्येकात
अंतर, वारा, वेळ.
माणूस कुठेच नाही.

मंगळवारी नरसव्वा गुड्डेटी आल्या,
बोटांना तेंदूपानाचा वास, हातात जुनं बिल.
नळ नवऱ्याच्या नावावर, तो आपल्या नावावर करायचा.
साहेबांनी अर्ज ओढला, भरत गेले:
मयताचे नाव. वय. मृत्यूचा दिनांक.
वेळेचा रकाना अर्जात नसतोच,
तरी समासात लिहिलं, पहाटे ४.१२.

"मी तर अजून काही सांगितलंच नाही,"
बाई म्हणाल्या.

पंखा फिरत होता. उचललेला शिक्का
तसाच राहिला वर.
मग साहेब खुर्चीतून उठले
आणि बाईंना तिथे बसायला सांगितलं.

आज सतरावं प्रकरण आलं.
एवढंच:
"त्याच्या खिशात अर्धी कडक भाकरी होती,
फडक्यात गुंडाळलेलि."

वेलांटी चुकलीय.
मी तशीच ठेवली.