चाळीसास एक

ऑरिन, मॅपलचा चाळीस बादल्या रस आटवला
की एक बादली पाक उतरतो.
हे तूच शिकवलंस मला,
तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये, मार्चातल्या एका रात्री,
वाफेत आपण एकमेकांना दिसतही नव्हतो.
आज उलटा हिशेब मांडतेय:
एक बादली पाक चाळीस बादल्या पाण्यात ओतला
तर कुणाची जीभ गोड होईल?

बावीस वर्षं आपण सह्या गोळा केल्या.
किराणा दुकानाच्या दारात, कचरा डेपोच्या फाटकाशी,
शनिवारी, उणे बारात.
शाई गोठायची म्हणून तू पेन्सिली आणायचास
आणि नगर कार्यालयातली लोरेट
पेन्सिलीच्या सगळ्या सह्या बाद करायची.
दर निवडणुकीत एक पूर्णांक तीन टक्के.
एकदा दोन. त्या रात्री आपण केक कापला.

सरकारनं जरा सरकून बसावं, एवढंच आपलं म्हणणं.
तेवढ्यावर अकरा माणसांत चार गट,
आणि रस्त्यावरचा बर्फ कुणी उपसायचा या मुद्द्यावर
ड्वेन प्रूइट उठून गेला तो गेलाच.

मग तू.
ताकाला जाऊन भांडं लपवलं नाहीस, एवढं मान्य.
लोरेटच्या टेबलावर, माझ्यादेखत,
मोठ्या पक्षाच्या चौकटीत फुली मारलीस, शाईनं,
आणि म्हणालास,
"बाहेरून काचेवर किती वर्षं टकटक करायची?
आत गेलं तर निदान खिडकी उघडता येईल."
मी म्हटलं, "आत गेलेल्याची थंडी जाते, ऑरिन.
मग खिडकी कोण उघडतं?"

दगडापेक्षा वीट मऊ, सगळेच म्हणतात.
डोक्यात बसल्यावर विचारावं.

त्यांनी तुला सभागृहात शेवटच्या बाकावर बसवलं,
रेडिएटरला लागून.
हे ऐकून मी एकटीच स्वयंपाकघरात हसले, बराच वेळ.

दुसऱ्या वर्षी तुझं विधेयक मंजूर झालं.
अडीच ओळींचं:
केसांच्या वेण्या घालायला यापुढे परवाना लागणार नाही.
बावीस वर्षांत आपण अडीच शब्दही
कायद्यात घालू शकलो नव्हतो.

आणि त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
पोलिसांनी वॉरंटाशिवाय कुणाचाही फोन चाळावा
यालाही तू हात वर केलास.
गटनेता म्हणाला तळ्यात, तू तळ्यात.
म्हणाला मळ्यात, तू मळ्यात.
वेण्यांची किंमत वसूल झाली.

तुला चार पानी पत्र लिहिलं. टाकलं नाही.
त्याऐवजी गाडी काढून मँचेस्टरला गेले,
बिन्ता सूमाहच्या दुकानात.
आईनं शिकवलेल्या बोटांना सरकारी प्रमाणपत्र नव्हतं
म्हणून तिला दोनदा दंड झाला होता.
दोन्ही पावत्या तिनं फ्रेम करून आरशावर लावल्यात.
माझे पांढरे, विरळ केस चिमटीत धरून ती म्हणाली,
"एवढ्याशाचं मी काय करू, बाई?"
आणि केलं. एकेक पेड कवटीला घट्ट धरून,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
"तो वेण्यांच्या कायद्याचा माणूस," तिनं मध्येच विचारलं,
"तुमच्यातला का?"
माझं डोकं तिच्या मुठीत होतं.
हो म्हणून हलवता येईना,
नाही म्हणूनही.

या वर्षीची मुदत परवा संपतेय.
डेपोच्या फाटकाशी मी आणि माझं क्लिपबोर्ड.
छप्पन्न सह्या कमी आहेत.
संध्याकाळी तुझा ट्रक आला, मागे त्यांचं स्टिकर,
माझ्यापाशी थांबला.
तू काच खाली केलीस.
काही न बोलता हात पुढे केलास,
कोटाच्या आत, बगलेत ऊब देऊन ठेवलेलं
पेन काढलंस
आणि सही केलीस. शाईनं. वाचता येईल अशी.

"पाक झाला का?" तू विचारलंस.
"अजून पातळच आहे," मी म्हटलं.

पंचावन्न.